चौदा की नऊ?

आपली पिढी टक्क्यांवर जगते. दहावी-बारावीचे टक्के संपले, तर मोबाइलच्या कोपऱ्यातले सुरू झाले. आकडा वीसच्या खाली गेला की ऑफिसमधला अर्धा फ्लोअर चार्जर शोधत फिरतो. नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी बॅटरी किती, हे विचारलं जातं आणि आकडा जितका मोठा, तितकं समाधान मोठं. 'मोठं ते चांगलं' हे गणित डोक्यात इतकं फिट्ट बसलंय, की कुणी 'लहान बॅटरी घ्या' म्हणालं तर हा माणूस आपल्याला गंडवतोय, असंच वाटतं.

मलाही वाटलं. फक्त प्रश्न फोनचा नव्हता, बाबांच्या बाइकचा होता.

बाइक म्हणजे 2008 सालची थंडरबर्ड. बाबा तेव्हा पन्नाशीला टेकले होते आणि मी पाचवीत होते. बँकेतली नोकरी, कोथरूडमधला टू बीएचके, दारात एक समंजस स्कूटर... असं सगळं असताना या गृहस्थांनी एक दिवस थेट साडेतीनशे सीसीचं धूड घरी आणलं. कारण काय? तर लेहला जायचं! आई आठवडाभर बोलली नव्हती. लेह अर्थातच झालं नाही. आधी माझी दहावी, मग आजीचं आजारपण, मग माझं इंजिनिअरिंग, मग करोना. गाडीने महाबळेश्वर पाहिलं, गणपतीपुळे पाहिलं, एकदा गोवाही पाहिलं. पण लेह राहिलंच.

2021 मध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी किक मारायला कायमची बंदी घातली. तेव्हापासून ही गाडी एका बटणावर जगते. सेल्फ लागला तर बाबा रविवारी सकाळी खडकवासल्याला जाऊन येतात. नाही लागला, तर हेल्मेट काढून वर येतात आणि 'आज कंटाळा आला' असं सांगून पेपर उघडतात.

यंदा असे कंटाळ्याचे रविवार वाढले, तेव्हा मला संशय आला.

एका शनिवारी मेकॅनिकला घरी बोलावलं. आमचा मेकॅनिक शांत माणूस आहे. आधी मीटर लावतो, मग बोलतो. गाडी बंद असताना बॅटरीवर 12.4 व्होल्ट आले. म्हणजे वरवर ठीकठाक. मग त्याने मला सेल्फ दाबायला सांगितलं. काटा आठच्याही खाली आला आणि गाडीने एक थकलेला 'ग्र्रऽऽ' आवाज केला. दुसऱ्या बॅटरीची वायर जोडून गाडी सुरू केली, तर चार्जिंग व्यवस्थित, 14.2. "ताई, गाडीचं काही नाही. बॅटरीच बसलीये. चार वर्षं झाली ना? मग काम केलं की तिनं."

इथवर सोपं होतं. गाडीच्या मूळ बॅटरीवर लिहिलेलं होतं, 12 व्होल्ट, 14 एएच. मी म्हटलं, तशीच दुसरी आणू या. तर हा म्हणतो, "नऊची बसवा. सीलबंद. पाणी टाकायची भानगड नाही, पैसे कमी, वजन कमी. आपल्या पुण्यात चौदाची गरजच काय?"

बाबा तोवर गॅलरीतून ऐकत होते. ते तिथूनच म्हणाले, "कंपनीने चौदाची दिली, ती काय उगाच?"

झालं! घरात दोन पक्ष पडले आणि निकाल द्यायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण पैसे मी देणार होते.

मग मी ते केलं, जे आपण सगळे ऑफिसात दिवसभर करतो. आकडे मांडले. आणि सांगते, हे गणित भलतंच इंटरेस्टिंग निघालं.

आधी एएच म्हणजे काय, ते बघू. अँपिअर-अवर. चौदा एएचची बॅटरी दहा तास 1.4 अँपिअर करंट देऊ शकते, असा त्याचा ढोबळ अर्थ. म्हणजे ही पाण्याच्या टाकीसारखी गोष्ट आहे. टाकीत पाणी किती, ते एएच सांगतं. पण गाडी सुरू करताना टाकीत किती पाणी आहे, यापेक्षा नळातून एकदम किती जोरात येतं, ते महत्त्वाचं. समजा, सेल्फच्या मोटरने शंभर अँपिअर खेचले आणि तीन सेकंदांत गाडी सुरू झाली. किती खर्च झाला? 300 अँपिअर-सेकंद, म्हणजे 0.08 एएच. नऊच्या बॅटरीतला जेमतेम एक टक्का! गाडी चालू लागली की काही मिनिटांत तो भरूनही निघतो.

म्हणजे टाकी नऊची असली तरी चालतं. फक्त नळ मोठा हवा.

आणि नळ मोठा का हवा, याचं या गाडीपुरतं एक खास कारण आहे. तिचं इंजिन एकाच सिलिंडरचं आणि पिस्टन भलामोठा. सेल्फने तो पिस्टन दाबाविरुद्ध वर ढकलून पलीकडे न्यावा लागतो. बॅटरीत जोर नसेल तर पिस्टन पोचता पोचता रेंगाळतो, ठिणगी पडते आणि इंजिन उलटं फिरून झटका देतं. किक मारणाऱ्यांना हा झटका पायाला माहीत असतो. सेल्फवर तोच झटका बसतो स्टार्टर आणि इंजिन यांच्यामधल्या एकेरी क्लचला. मेकॅनिक लोक त्याला 'स्प्रॅग' म्हणतात आणि त्याचं नाव घेताना त्यांचे डोळे चमकतात, कारण तो गेला की खर्च बॅटरीच्या कितीतरी पट. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

त्यामुळे 'नुसतं एएच बघून स्वस्तातली लहान बॅटरी टाका' हा सल्ला इथे चालत नाही. बघायचं ते जोराकडे. पाणी घालायच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीपेक्षा सीलबंद बॅटरीचा अंतर्गत अडथळा साधारण कमी असतो. तिच्यात अ‍ॅसिड मोकळं डुचमळत नाही, काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. म्हणून ती आकाराने लहान असूनही एकदम जास्त करंट देऊ शकते. मेकॅनिकने 'सीलबंद' हा शब्द उगाच नव्हता वापरला.

एव्हाना मी नऊच्या पक्षात पोचले होते. व्होल्ट तेवढेच, 12. त्यामुळे गाडीच्या रेग्युलेटरला आणि वायरिंगला काही फरक पडत नाही. लांबीला दोन्ही बॅटऱ्या जवळपास सारख्या, नऊची जाडीला साधारण दीड आणि उंचीला अडीच-तीन सेंटिमीटर कमी. शिवाय 2023 मध्ये गाडीची पंधरा वर्षं भरली आणि आरटीओत रजिस्ट्रेशन रिन्यू केलं, ते पाच वर्षांसाठी. कागदावर 2028 पर्यंतच आयुष्य असलेल्या गाडीला कशाला हवी मोठी बॅटरी? मी हे सगळं एका कागदावर लिहिलं आणि बाबांसमोर ठेवलं. अगदी अप्रेझल मीटिंगच्या थाटात.

बाबांनी कागद वाचला. चष्मा काढला. म्हणाले, "बरोबर आहे तुझं. घे नऊची. तसंही आता खडकवासल्याच्या पुढे कुठे जातो मी?"

मंडळी, आपल्याला हवं होतं तेच उत्तर मिळूनही आपण हरलोय, असं कधी वाटलंय तुम्हाला?

कारण मग मला कळलं, की बाबा चौदासाठी भांडत नव्हतेच. कंपनीने चौदाची दिली, कारण हीच गाडी तिला लडाखमध्येही विकायची असते. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल घट्ट होतं, म्हणजे ज्या दिवशी जास्त जोर हवा त्याच दिवशी तो कमी मिळतो. बॅटरीची 'कोल्ड क्रँकिंग'ची परीक्षाच मुळी उणे अठरा डिग्रीला घेतात. पुण्याच्या जानेवारीत त्याचा काय उपयोग? काहीच नाही. चौदा हा आकडा पुण्यासाठी नव्हताच. तो लेहसाठी होता. आणि मी एका कागदावर, खाली बेरीज मारून, लेह कॅन्सल करत होते.

तो कागद मी घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि त्या दिवशी कुठलीच बॅटरी आणली नाही.

रात्री पुन्हा गणित करायला बसले. या वेळी नीट, म्हणजे गाडी खरोखर कशी वापरली जाते, ते धरून. आणि इथे पहिल्या कागदातली एक वजाबाकी समोर आली, जी कोणत्याही पक्षाच्या भाषणात नव्हती.

बाइकला बाबांनी कधीकाळी चोरीचा अलार्म बसवला होता. तो चोवीस तास जागा असतो. मेकॅनिकच्या मीटरवर तो 20 मिलिअँपिअर खात होता. अगदी चिंगूस आकडा. पण दिवसाचे चोवीस तास धरले तर जवळजवळ अर्धा एएच रोज! चौदाची बॅटरी अशाने पंधरवड्यात अर्धी होते, नऊची नऊ-दहा दिवसांत. आणि शिशाची बॅटरी अर्धी रिकामी पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे जमायला लागतात. मग तिची टाकीही आटते आणि नळही. एखादा रविवार पावसाने बुडाला, की पुढच्या रविवारी 'कंटाळा आला' ठरलेलाच.

म्हणजे बघा गंमत. आपल्याला वाटतं, गाडी कमी वापरतो ना, मग लहान बॅटरी पुरे. खरं उलटं आहे! कमी वापरतो त्यालाच मोठा साठा लागतो, कारण मधल्या उपवासाच्या दिवसांत बॅटरी स्वतःला खाऊन जगते. लहान बॅटरी ही रोज फिरणाऱ्याची बॅटरी. ती म्हाताऱ्या माणसाच्या रविवारसाठी नाही, तरुण माणसाच्या सोमवारसाठी आहे.

हे वाक्य मनात आलं आणि मी स्वतःकडे बघितलं. वय अठ्ठावीस. ऑफिस हिंजवडीला, आठवड्यातून तीन दिवस. लायसन्स गिअरच्या गाडीचं. आणि मी जाते कशाने? कॅबने. कॅबमध्ये बसून दीड तास रील्स बघत.

सकाळी चहाला मी बाबांना विचारलं, "मंगळवार-गुरुवार गाडी मी नेली तर चालेल?"

बाबा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "तुला झेपेल? एकशेऐंशीच्या वर वजन आहे तिचं."

"तुम्ही शिकवा."

आई किचनमधून म्हणाली, "एक होता तो पुरे नव्हता का?" पण आवाजात राग नव्हता.

त्यानंतरचे दोन रविवार बाबांनी मला सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर शिकवलं. गाडी सुरू केली ती वायर लावून, मेकॅनिकच्या बॅटरीवर. क्लच कसा सोडायचा, सेंटर स्टँडला हाताने ओढायचं नाही तर पायाने वजन द्यायचं, वळताना घाबरून ब्रेक दाबायचा नाही... बँकेत तीस वर्षं ट्रेनिंग दिल्यासारखे ते बोलत होते आणि मी पाचवीतल्यासारखी ऐकत होते. गेल्या तीन-चार वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. जेवणाच्या टेबलावर बसलो तरी आमचं बोलणं म्हणजे लाइट बिल आणि 'गोळ्या घेतल्या का?' एवढंच.

मग आम्ही दोघं मिळून नाना पेठेत गेलो. बॅटरीच्या दुकानात बाबांनीच काउंटरवर विचारलं, "नऊची सीलबंद आहे का? बनवल्याची तारीख दाखवा." दुकानदाराने पुढची ठेवली, बाबांनी मागची काढायला लावली. कारण बॅटरी नुसती फळीवर बसूनही म्हातारी होते. जुनी बॅटरी दुकानदाराने परत घेतली आणि बिलातून रक्कम वजा केली. ती भंगारवाल्याला न देता दुकानातच द्यावी, कारण आतलं शिसं पुन्हा वापरात येतं आणि उघड्यावर फोडली तर तेच शिसं माती-पाण्यात जातं.

तुमच्याकडेही अशी एखादी जुनी, सेल्फवाली गाडी असेल आणि कुणी लहान बॅटरी सुचवली, तर माझं ऐका. आधी मीटर लावा. बॅटरीच बसलीये की चार्जिंग गेलंय, हे न बघता नवीन टाकाल तर नवीनही महिन्याभरात आडवी होईल. मग गाडी किती दिवस उभी राहते, ते खरं खरं मोजा. 'आपण दर वीकेंडला राइडला जातो' हे आपण लोकांना सांगतो ते वेगळं! चोरून करंट खाणारं काही असेल तर ते काढा. आमचा अलार्म आम्ही काढून टाकला. सतरा वर्षांत त्याने सोसायटीच्या मांजरांशिवाय कुणालाही पकडलं नव्हतं.

नव्या बॅटरीचं प्लसचं टर्मिनल कोणत्या बाजूला आहे, ते विकत घेण्याआधी बघा. नाहीतर केबल पोचत नाही आणि मग ओढून-ताणून जोडकाम होतं. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. बाहेर चार्ज करायची वेळ आली तर एएचच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट, म्हणजे नऊला 0.9 अँपिअर. गॅरेजमधल्या ट्रकच्या चार्जरवर ही चिमुरडी लावली की शिजलीच समजा. आणि सेल्फ दाबताना हेडलाइट बंद ठेवा. एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाक्यांत हेडलाइट आपोआप चालू राहतो, पण जुन्या गाड्यांना त्याचं बटण आहे. म्हातारपणाचे काही फायदेही असतात.

बसवल्यावर मेकॅनिकने पुन्हा मीटर लावला. सेल्फ दाबल्यावर काटा 10.3 च्या खाली गेला नाही. तो जर साडेनऊच्या खाली जात असता, तर मी त्याच क्षणी चौदाची घेतली असती. गणित कितीही सुंदर असलं तरी शेवटी ऐकायचं ते मीटरचं.

आता मंगळवारी आणि गुरुवारी मी हिंजवडीला जाते. येऊन-जाऊन तीसेक किलोमीटर. पार्किंगमधला सिक्युरिटीवाला पहिल्या दिवशी माझ्यामागे गाडीचा मालक शोधत होता. आता तो स्वतःहून जागा राखून ठेवतो. बॅटरी भरलेली राहते, म्हणून रविवारी बाबांनी बटण दाबलं की गाडी पहिल्या झटक्यात लागते. 'कंटाळा आला' हे वाक्य मी या महिन्यात एकदाही ऐकलेलं नाही. लहान बॅटरी आम्हाला पुरते, कारण तिला भरायला आता दोन माणसं आहेत.

एक गोष्ट सांगायची राहिली. बॅटरी बसवताना ती जुन्या ट्रेमध्ये सैल होत होती. सिंगल सिलिंडरच्या गाडीत बॅटरी हलत राहिली की आतल्या प्लेटा ढिल्या होतात, त्यामुळे ती घट्ट बसायलाच हवी. मेकॅनिक म्हणाला, "ट्रे थोडा कापतो आणि वेल्डिंग मारतो, एकदम फिट्ट होईल. कायमचं काम."

बाबा म्हणाले, "कापू नकोस. रबर लाव बाजूने."

मेकॅनिकला कळेना. "काका, चौदाची आता कशाला लागणारे तुम्हाला?"

बाबा काही बोलले नाहीत. मीच म्हटलं, "राहू दे रे. जागा लागेल."

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चार पट्ट्या लावल्यात. अजून तरी हलत नाहीये.